कांद्याचा भाव पेपरात येतो, आमच्या मिनिटाचा कुठे येतो?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. रात्रीची जेवणं आवरा, मग वाचा.

आपल्या भागात सध्या एक भाषण फार चालतं. महिला मेळावा असो, बचत गटाचा कार्यक्रम असो नाहीतर कॉलेजचं स्नेहसंमेलन, पाहुणे माईक हातात घेतात आणि सांगतात की कोकणातल्या मुलींना आता मुंबईला जायची गरज नाही, लॅपटॉप आणि नेट असलं की जगातलं काम घरात येतं. घर सांभाळून कमवा. टाळ्या. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो.

मी हे घर सांभाळून कमवणं सावंतवाडीत बसून बरीच वर्षं करते आहे. ऑडिओ ऐकून टाइप करायचं काम, ट्रान्सक्रिप्शन म्हणतात त्याला. मुलाखती, मीटिंगा, संशोधकांनी गावोगाव फिरून रेकॉर्ड केलेलं बोलणं, चॅनलचे कार्यक्रम. टायपिंग क्लासला 'मराठी ३०', 'मराठी ४०' पास झालेल्या कितीतरी मुली आपल्या तालुक्यात आहेत, त्यातल्या काही जणी आज हेच काम करतात. पण एकमेकींना माहीत नसतात, कारण प्रत्येकीच्या शेजाऱ्यांना वाटतं ही घरीच असते. "तुका बरा गो, घराकच बसान पैसे गावतत," हे वाक्य ऐकलं नाही अशी एकही मला अजून भेटलेली नाही.

तर हे पैसे कसे गावतात त्याचा हिशेब मांडते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत, कोणाला दोन रुपये जास्त मिळतात, कोणाला कमी.

आमचं काम मिनिटावर असतं. मिनिट म्हणजे रेकॉर्डिंगचं मिनिट, आमच्या घड्याळातलं नव्हे. हा फरक भाषण करणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नसतो. समजा मिनिटाला १० रुपये दर आहे. एका तासाच्या रेकॉर्डिंगचे झाले ६००. ऐकायला बरं वाटतं, तासाला सहाशे! पण साफ आवाजातलं एका तासाचं बोलणं टाइप करायला सरावलेल्या बाईला चार तास लागतात. पंखा, कुत्रं, मागे रिक्षा, तीन माणसं एकदम बोलतायत, एक जण मालवणीत आणि एक शुद्ध मराठीत, असं असेल तर पाच-सहाही लागतात. मग परत एकदा ऐकून तपासायचं, बोलणाऱ्यांची नावं लावायची, वेळा टाकायच्या. पाच तास धरा. तासाला आले १२० रुपये. यातून नेटचं बिल, इन्व्हर्टरची बॅटरी (पावसात आपल्याकडे लाईटचं काय होतं ते मी सांगायला नको), हेडफोन दर वर्षा-दीड वर्षाने, मान आणि खांद्याचा डॉक्टर. सुट्टी, आजारपण, बाळंतपण, सगळं बिनपगारी.

हे झालं चांगल्या दिवसांचं.

सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं आवाज ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर सगळ्या जगाला खुलं झालं. मराठीही येतं त्याला. तशी आणखीही आली. तेव्हापासून काम देणाऱ्यांची भाषा बदलली. आता म्हणतात, 'टाइप कुठे करायचंय मॅडम, मशीनने केलंय, तुम्ही नुसतं दुरुस्त करा.' दर १० वरून ४. पुण्यातल्या माणसाने माईकसमोर सावकाश बोललेलं असेल तर मशीनचं काम बऱ्यापैकी असतं, खोटं कशाला बोलू. पण दोडामार्गच्या आजोबांचं बोलणं मशीनला घाला. पिठीचं मिठी होतं, परड्याचं पडदा होतं, आणि जिथे काहीच कळत नाही तिथे मशीन गप्प बसत नाही, स्वतःच्या मनाने छान वाक्य रचून टाकतं. ते छान वाक्य खोटं आहे हे शोधायला मूळ आवाज शब्दन् शब्द ऐकावाच लागतो. म्हणजे तास तितकेच. फक्त ६०० च्या जागी २४०. तासाला जेमतेम ५० रुपये. आणि त्यावर 'क्वालिटी कट' वेगळा. मला एका एजन्सीने एका मोठ्या फाईलचे पैसे तीन महिन्यांनी दिले आणि त्यातही कापले. कशाबद्दल कापले ते विचारलं तर पुढची फाईलच आली नाही. नाव लिहीत नाही, कारण अशा पुष्कळ आहेत आणि एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात.

आता माझ्याबरोबर स्वयंपाकघरात या. इथे आल्याशिवाय हा दर एवढा खाली जाऊनही टिकतो कसा ते कळणार नाही.

काम आटलं की महिना-दोन महिने फाईल येत नाही. तेव्हा घर चालतं कशावर? घरच्या उकड्या तांदळावर, परड्यातल्या नारळावर, कुळथावर, मे महिन्यात सुकवून भरलेल्या सोलांवर, पत्र्याच्या डब्यातल्या सुक्या बांगड्यावर. पावसाळ्याची बेगमी आपल्या आया-आज्यांनी शिकवलेली आहे, पलीकडे गोव्यात त्यालाच पुरुमेंत म्हणतात. या सगळ्यात एक कांदाच तेवढा आपला नाही. आपल्या जांभ्या मातीत आणि पावसात तो नावापुरता होतो. बाकी सगळा घाटावरून, आंबोली उतरून नाहीतर कोल्हापूरकडून, मंगळवारच्या बाजारात येऊन बसतो. म्हणून घरातली टंचाई पहिल्यांदा दिसते ती कांद्याच्या टोपलीत. तांदूळ, नारळ असतोच. कांदा विकत आणावा लागतो.

महागला की काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. वाटपाला दोन कांदे लागतात तिथे एक घ्यायचा, पातळ उभा चिरायचा, तव्यावर काळसर होईपर्यंत भाजायचा आणि खोबरं मूठभर वाढवायचं. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात कोणाला पत्ता लागत नाही. कुळथाच्या पिठीला फोडणीत कांदा नाही पडला तरी लसूण ठेचून घातली, दोन सोलं टाकली, गुठळ्या होऊ दिल्या नाहीत, की भात उतरतो. बांगड्याच्या तिखल्याला कांदा लागतच नाही, तिरफळं लागतात. अडतं ते सुकटीला. सुका जवळा भाजून, खोबरं-मिरची लावून कच्च्या कांद्याशिवाय खाऊन बघा एकदा, मग कांदा 'चैनीची वस्तू' म्हणणाऱ्यांशी काय बोलायचं ते आपोआप सुचेल. पेजेबरोबर दाताखाली चिरडलेला अर्धा कांदा हा तर कित्येकांचा भाजीचा आख्खा वाटा असतो.

हे वाचून 'वा, काय सुगरण' असं कृपा करून लिहू नका. इथेच तर गोम आहे. एका कांद्यात दोन कांद्यांचं वाटप करणारी बाई घरात आहे, म्हणून ५० रुपये तासाचं काम होतं. काम देणारा जेव्हा म्हणतो, 'तुम्हाला काय मॅडम, गावात घरभाडं नाही, खर्च कमी,' तेव्हा तो आपला नारळ, आपले कुळीथ, आपली सोलं स्वतःच्या हिशेबात धरत असतो. माझ्या सासूबाईंनी उन्हात बसून सुकवलेली सोलं ही बंगळूर-दिल्लीतल्या कोणाच्या तरी कंपनीला मिळालेली सबसिडी आहे. मुंबईत खोली घेऊन राहणारी मुलगी या दरात आठवडाभर जगणार नाही. आम्ही जगतो, म्हणून हा दर 'मार्केट रेट' ठरतो. आमच्या काटकसरीचं कौतुक जितकं जास्त होतं तितका तो खाली जातो.

आणि काटकसरीचा उपदेश तर वरूनच येतो. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा शंभरीच्या पुढे गेला होता तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत सांगितलं की त्या कांदा-लसणाशी फारसा संबंध नसलेल्या घरातून येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याच राज्याचे मंत्री दादा भुसे यांनी, ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काय बिघडतं, अशा अर्थाचं विधान केलं. भुसे स्वतः मालेगावचे, नाशिक जिल्ह्यातले, कांद्याच्या गावातले! चातुर्मासात कांदा सोडणारी आपलीही घरं आहेत, पण ती आधी कांदेनवमीला पोटभर खाऊन घेतात आणि सोडतात ते स्वतःच्या मर्जीने. व्रत वेगळं आणि खिशात नाही म्हणून सोडणं वेगळं, एवढं कळायला मंत्री व्हावं लागत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. तोंडाने 'खाऊ नका' म्हणणारं सरकार हाताने काय करतं? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरात ८०० डॉलर टनाचं किमान निर्यातमूल्य. डिसेंबरात सरळ निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये, नाशिक पट्ट्यातलं मतदान तोंडावर असताना, बंदी उठली पण शुल्क राहिलं. सप्टेंबरात शुल्क अर्धं. १ एप्रिल २०२५ ला शून्य. वीस महिन्यांच्या आत सहा निर्णय, एका भाजीसाठी. भाव आवरायला नाफेड आणि एनसीसीएफ यांच्याकडून लाखो टन कांदा विकत घेऊन साठवला, २०२३ मध्ये २५ रुपये आणि २०२४ मध्ये ३५ रुपये किलोने शहरांत विकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर लासलगावहून दिल्लीला 'कांदा एक्सप्रेस' सोडली, १६०० टन कांदा घेऊन. कांद्याला स्वतंत्र गाडी मिळाली. आमच्या सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ चं, ते जाऊ द्या, त्यावर वेगळी पोस्ट होईल.

यात कांदा पिकवणाऱ्याचं भलं झालं असं मी म्हणत नाही. उलट. हे सगळे निर्णय त्याच्या भावावर पाय देऊन झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता त्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. पुढच्या तारखेचा. ती पावती देशभर पेपरांत छापून आली, लोक चिडले, विधिमंडळात कांद्यावरून गदारोळ झाला. मला त्या पावतीचा हेवा वाटतो असं लिहिलं तर विचित्र वाटेल, पण खरं आहे. त्याच्याकडे दाखवायला कागद होता. किती किलो, काय भाव, कशाचे किती कापले. लासलगावचा किमान, कमाल, सरासरी भाव रोज पेपरात येतो, त्यामुळे त्याला लुटलं गेलं हे मोजता येतं. आमच्या मिनिटाचा किमान, कमाल, सरासरी भाव कुठे येतो? १० चा ४ झाला तेव्हा कुठल्या सभागृहात कोण उठलं? दहाचा चार म्हणजे ६० टक्के घसरण. कांद्याचं असं झालं तर रास्ता रोको होतो. आमच्याकडे व्हॉट्सअपवर एक मेसेज येतो, 'डिअर टीम, रिवाइज्ड रेट्स', आणि खाली हात जोडलेली इमोजी.

"मग सोड ना ते काम!" असं म्हणणारे भेटतील. सोडून काय करू? पोरं सकाळी बाईकने बांदा ओलांडून गोव्यात कामाला जातात, मोपाला विमानतळ झाल्यापासून आणखी जातात. घरात म्हातारं माणूस आहे, मूल लहान आहे, अशी बाई रोज जाऊन-येऊन करू शकत नाही म्हणून तर ती हे काम घेते. तिला पर्याय नाही हे काम देणाऱ्यालाही ठाऊक आहे. 'घर सांभाळून' या दोन शब्दांचा अर्थ त्याच्या दृष्टीने 'कुठे जाणार ही?' एवढाच आहे.

दुसरे म्हणतील, "तुम्ही उद्योजिका आहात, कामगार कशाला म्हणवून घेता?" दर मी ठरवत नाही. मुदत मी ठरवत नाही. गिऱ्हाईक कोण ते मला माहीत नसतं. चूक निघाली तर पैसे माझे कापले जातात. यात उद्योग कुठे आहे? मुंबईच्या बाजारात ज्याच्या पाठीवर कांद्याचं पोतं असायचं त्यालाही एके काळी हेच सांगत. तुझा मालक कोणी नाही, आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, तू कोणाचाच कामगार नाहीस.

आणि हे मी उगाच आणत नाही. त्या पोतं उचलणाऱ्यासाठी याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं, लढे झाले आणि कायदा झाला. त्यात युक्ती काय केली ते नीट बघा, कारण ती आजही तशीच उपयोगी आहे. मालक एक नाही? ठीक आहे, मंडळ करू. हमालाने मंडळात नाव नोंदवायचं, व्यापाऱ्यानेही नोंदवायचं. मजुरी व्यापाऱ्याने मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरावीक लेव्ही भरायची, आणि मंडळाने त्यातून हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पैसा द्यायचा. हमाल दिवसात पाच जणांचं पोतं उचलो, नोंद एका जागी. 'याचा मालक कोण?' हा प्रश्न सोडवत न बसता त्याला वळसा घातला. पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर मंडळं आली. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये आज पोतं उचलणारा माथाडी सुखात आहे असं नाही, त्या मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी ढीगभर आहेत. पण त्याला भांडायला मंडळ आहे. आम्हाला भांडायला कोण आहे? ईमेलवर उत्तर न देणारी 'सपोर्ट टीम'.

घरात बसून काम करणाऱ्या बाईला कायदा कामगार मानूच शकत नाही, असंही नाही. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने सोलापूर-सिन्नरकडे घरी विडी वळणाऱ्या बाईला कामगार म्हटलं. कारखानदार कोर्टात गेले, १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला. म्हणजे हजार विड्यांचा दर ठरवता येतो, घरखेपी वळलेल्या असल्या तरी. मग साठ मिनिटांचा का ठरवता येऊ नये? जगाच्या पातळीवर आयएलओने १९९६ मध्येच घरकामगारांसाठी (घरी बसून मालकाचं काम करणारे, धुणीभांडी नव्हे) १७७ क्रमांकाचा करार केला, आपल्या इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेचा त्यात मोठा वाटा होता. आणि भारताने तो करार अजून मंजूर केलेला नाही!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आमची व्याख्या आहे, मी वाचली. मालकाच्या जागेबाहेर, स्वतःच्या घरी, मोबदला घेऊन वस्तू किंवा सेवा तयार करणारी व्यक्ती. वाचून क्षणभर बरं वाटलं. पुढे काय? योजना. विमा, पेन्शन, नोंदणी. दराबद्दल अक्षर नाही. त्याच संहितेत अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा कामगारांच्या निधीत टाकायचा असंही आहे, आणि कुठल्या धंद्यांनी, त्या यादीत टॅक्सी-डिलिव्हरीबरोबर व्यावसायिक सेवा आणि कंटेंट-मीडियाही आहेत. आमचं काम त्यात बसतं की नाही? हा प्रश्न आपल्या खासदारांना, आमदारांना कोणी विचारलाय? राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांसाठी स्वतःचे कायदे केले. आंबोली चढून पलीकडे गेलं की कर्नाटक काही लांब नाही. तिथून कांदा घाट उतरून येतो, कायदा येत नाही. माथाडी कायदा करणारा महाराष्ट्र या बाबतीत मागे का, याचं उत्तर सत्तेतल्यांनीही द्यावं आणि विरोधकांनीही, कारण दोघांचेही जाहीरनामे 'घरबसल्या रोजगार' या शब्दांनी भरलेले असतात.

लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये घरात येतात, त्यांची किंमत मला माहीत आहे, कांदे-बटाटे-तेल त्यातून येतं. कोणी नावं ठेवली तर मी भांडेन. पण ५० रुपये तासाची बाई महिन्याला शंभर तास काम करते आणि तिचा दर तासाला १५ रुपयांनी वाढला तर तेच १५०० होतात, कोणापुढे हात न पसरता. ओवाळणी द्या, आणि मजुरीही द्या. एक दिलं म्हणून दुसरं मागायचं नाही असं कुठे आहे?

भाषेचं बोलते आणि आवरतं घेते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपणही पेढे वाटले. त्याच्या दोन वर्षं आधी केंद्राची 'भाषिणी' सुरू झाली, कॉम्प्युटरला भारतीय भाषा शिकवायची योजना. योजना चांगली आहे, व्हायलाच हवी. तिच्यात 'भाषादान' म्हणून एक भाग आहे. लोकांनी आपल्या भाषेतला आवाज द्यावा, वाक्यं लिहावीत, आणि 'सुनो इंडिया' या सदरात ऐकू येतं ते टाइप करून द्यावं. दान म्हणून. फुकट. म्हणजे जे काम करून माझं घर चालतं ते देशाने माझ्याकडे दान मागितलं. सर्व्हर बसवणाऱ्याकडून सर्व्हरचं दान मागितलं नाही, इंजिनिअरकडून पगाराचं दान मागितलं नाही. ऐकून टाइप करणं तेवढं पुण्यकर्म! ज्या मशीनकडे बोट दाखवून आमचा दर कापतात ती मशीनं शिकली कशी? माणसांनी ऐकून टाइप केलेल्या लाखो तासांवर. भाषा अभिजात, आणि ती कानाने टिपून कागदावर उतरवणारी बाई दानशूर.

'दर मागितलात तर काम दुसरीकडे जाईल' ही भीती मला घालू नका. इंग्रजीचं काम मनिलाला गेलं, मान्य. आजगावच्या आजीची मालवणी मनिलाला कोण ऐकणार आहे? ते काम इथेच होणार. मशीनने चुकीचं लिहिलं तर सगळ्या जगात ती चूक पकडू शकणारे कान सिंधुदुर्गात आणि मुंबईतल्या आपल्या चाकरमान्यांच्या घरातच आहेत. एवढी दुर्मिळ गोष्ट हातात असून आपण ४ रुपयांना 'हो सर' म्हणतो, कारण प्रत्येक जण एकटी आहे.

म्हणून आता काय करायचं. हातात असलेला एक कायदा आधी वापरा. उद्यम नोंदणी फुकट होते, आधार-पॅन लागतं. ती करून घ्या. काम देणारा भारतातला असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन होते. यातून दर वाढणार नाही, पण तीन-तीन महिने तंगवणं तरी थांबेल. वर 'उद्योजिका' शब्दावर तोंडसुख घेतलंय खरं, पण ज्या दाराने आत जायला मिळतं त्या दाराने जावं.

दुसरं, ओरोसला कामगार विभागाकडे एक निवेदन द्यायचं आहे, प्रत जिल्हाधिकारी आणि आपले आमदार-खासदार यांना. मसुदा मी लिहिलाय. मागण्या मोजक्या आहेत. घरी बसून टाइप, दुरुस्ती, डेटा-एन्ट्री करणाऱ्यांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ. काम सुरू होण्याआधी लेखी दर आणि कपातीचं लेखी कारण. सरकार, विद्यापीठं आणि सरकारी योजना जेव्हा असं काम बाहेर देतात तेव्हा टेंडरमध्येच ठेकेदाराला किती आणि प्रत्यक्ष टाइप करणारीला किती हे दोन्ही आकडे असावेत. सुरुवात तिथून व्हावी, कारण तिथे सरकारला कोणाची परवानगी लागत नाही. आणि 'भाषादान' मधल्या दानाला मानधन.

सह्या लागतील. मंगळवारी बाजाराला गावागावातून सगळ्या येतातच. मला मेसेज करा, मी मोती तलावाच्या काठावर कागद घेऊन थांबेन, अकरा ते एक. येताना एकच करा, मोबाईलमधले 'रिवाइज्ड रेट्स' चे जुने मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून आणा. कंपनीचं नाव झाकलंत तरी चालेल. तारीख आणि दर दिसला पाहिजे. दहा जणींचे दहा स्क्रीनशॉट एकाखाली एक लावले की आपल्या मिनिटाचा किमान, कमाल, सरासरी भाव निघेल, आणि तो आपण लिहून निवेदनाला जोडू.